रमणचा आवाज

दोन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी दुपारी बडोद्याहून तार आली. रमण गेला होता. मी शाळेत शिकवत होतो. वर्ग सोडला आणि त्याच्या घरी गेलो.

रमण माझा चुलतभाऊ, सारंगखेड्याचा. बडोद्याला कॉलेजात गेला आणि पहिल्याच सुट्टीत गिटार घेऊन आला. केळीच्या बागेत बसून वाजवायचा. त्याचे वडील म्हणायचे, "हाई तुणतुणं वाजाडीसन केयी पिकतीन का रे?" हात न थांबवता तो म्हणायचा, "पिकतीन ना आबा, गोड पिकतीन!" गाण्याचा ढंग परका, पण आवाज जरा नाकातला, घरचा. वाचलेल्या पुस्तकाबद्दल, पाहिलेल्या सिनेमाबद्दल बोलावं असं गावात मला तेवढंच एक माणूस होतं...

ज्या काविळीने तो गेला, ती होण्याआधी त्याने कॉलेजात मित्रांबरोबर रॉक संगीताचं नाटक केलं. किरीट नावाच्या मित्राने ते कॅमेऱ्याने टिपलं. मागच्या आठवड्यात किरीट प्रोजेक्टर घेऊन आमच्या शाळेत आला. स्पर्धेला पाठवण्याआधी रमणच्या आईला, माझ्या काकीला, दाखवावं आणि मी गुणदोष सांगावेत, अशी त्याची इच्छा. आम्ही खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या, भिंतीवर धोतर ताणलं. काकी अगदी पुढे बसली. तिला मुलाचा आवाज ऐकायचा होता, एवढंच.

चित्रपटात जोर होता. रंगमंचासमोर बसून दिसला नसता इतका रमणचा चेहरा जवळून दिसत होता, कपाळावरच्या घामासकट. पण कॅमेरा एकाच जागी खिळलेला. नाचणाऱ्यांचे पाय चौकटीबाहेर, ड्रम वाजला की चित्र हलायचं. हे मी मनात मांडत होतो, तेवढ्यात काकी किरीटकडे वळली.

"भाऊ, तोंड मन्हा रमणनं शे. आवाज कोना शे?"

किरीट खाली बघत म्हणाला, नाटकाच्या वेळी वाद्यांनी आवाज गिळला होता. गाणी नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित केली. तेव्हा रमण दवाखान्यात होता, म्हणून दुसरा मुलगा गायला.

काकी पुन्हा पुढे वळली. पडद्यावर रमण परक्या गळ्याने गात राहिला. मग दोन गाण्यांच्या मध्ये, जिथला मूळ आवाज तसाच राहिला होता, तो शेजारच्या गिटारवाल्याकडे वळला आणि पुटपुटला, "सरक ना भाऊ, मन्हा पायवर उभा शे तू!"

काकी हसली. मग पदर तोंडाला लावला. "हाऊ मन्हा पोऱ्या," म्हणाली. "अजून एक डाव लाव."

किरीटने तीनदा लावलं. मग अवघडून मला म्हणाला, "सर, ही तर चूक आहे. स्पर्धेआधी कापावी लागेल." मी म्हणालो, तुझ्या चित्रपटात खरं एवढंच आहे. त्याला ते पटलं असावं, पण स्पर्धेचे नियम वेगळे असतात. त्याने तेवढी फीत कापली आणि काकीच्या हातात दिली.

ती हातभर आहे. खिडकीशी धरली की प्रत्येक बारक्या चौकटीत रमण दिसतो, बोलण्यासाठी तोंड उघडलेला. आवाज फितीच्या कडेलाच छापलेला असतो, असं किरीटने सांगितलं. सारंगखेड्यात प्रोजेक्टर नाही.