प्रज्ञासाठी टाकलेला शब्द

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला माझ्या बऱ्याच गोष्टी ठाऊक आहेत — आळस, संताप, भावाशी धरलेला अबोला — पण ही नाही. ही सांगायला बसलो की मी आधी दुसरंच काहीतरी सांगू लागतो. आताही तसंच होईल कदाचित. थोडं सांभाळून घ्या.

मी प्रॉडक्ट डिझायनर आहे. म्हणजे, तुम्ही मोबाइलवर एखादं ॲप उघडलंत की आधी काय दिसावं, कुठलं बटण कुठे असावं, हे ठरवणारा माणूस. बाणेर-बालेवाडीच्या तीन स्टार्टअपमध्ये नोकरी केली, तिन्ही बंद पडल्या, आणि चाळिशी ओलांडल्यावर मी घरून स्वतःची कामं घेऊ लागलो. आता अधूनमधून एखादं कॉलेज बोलावतं, या प्रवासाबद्दल मुलांना सांगा म्हणतं. मी सांगतो. बरं बोलतो, असं म्हणतात. पण त्या भाषणात एक जागा अशी आहे की तिथे आलो की मी थांबतो आणि पाणी पितो. तिथे प्रज्ञाचं नाव यायला हवं असतं.

माझी तिसरी कंपनी सोसायट्यांना पाण्याचे टँकर पुरवायची. खडकवासला धरण भरलेलं असो वा नसो, आमच्याकडच्या सोसायट्यांना टँकर लागतोच. त्या ॲपसाठी मी एकामागून एक स्क्रीन काढले होते — किती लिटर, कोणतं गेट, कोणती वेळ, कोणाच्या नावावर. देखणे होते, हे आजही म्हणेन. प्रज्ञा माझ्या हाताखाली नवीनच आली होती. विश्रांतवाडीची, जिभेने तिखट. ती सोसायट्यांच्या ऑफिसांत जाऊन बसायची आणि सेक्रेटरी मंडळी फोनवर टँकर कसा मागवतात ते ऐकायची. एकदा तिथून आली, माझे स्क्रीन पाहिले आणि म्हणाली, "सर, त्यांना पाणी हवंय. तुम्ही मुलाखत घेताय."

सगळे हसले. मीही हसलो — जरा उशिरा.

मग तिने कागदावर एकच मोठं बटण काढून दाखवलं. 'नेहमीचा पाठवा.' फोनवर सगळे एवढंच बोलतात म्हणे. बाकीचं ॲपनेच लक्षात ठेवावं. ती बरोबर होती. जे सेक्रेटरी काका आमच्या ॲपला शिव्या घालत होते, तेच ते वापरू लागले. कंपनी तरीही बुडाली, पण ते बटण आमच्या धंद्यात गाजलं.

आमच्यात एक रीत आहे. नोकरी सुटली की प्रत्येक जण आपल्या कामांचं पान वेबसाइटवर मांडतो. त्याला पोर्टफोलिओ म्हणतात. एकाच कामावर चौघांचे हात असतात, म्हणून ते चौघांच्याही पोर्टफोलिओत असतं. फक्त खाली लिहायचं — कल्पना कोणाची, रंगरूप कोणाचं. मी तशी ओळ लिहिली होती. तिचं नाव होतं त्यात. मग कामं मिळेनात, आणि एका दुपारी मी ती ओळ काढून टाकली. पान सुटसुटीत दिसतं, असं स्वतःला सांगितलं. खरंच पटलं होतं का मला ते? नाही.

ते पान पाहूनच मंदारने मला काम दिलं. खराडीत त्याची कंपनी आहे. तो माझा पहिला मोठा क्लायंट, आणि पुढचे बहुतेक त्याच्याच ओळखीतून आले.

दोनेक वर्षांनी त्याचा फोन आला. प्रज्ञाने त्याच्याकडे नोकरीसाठी अर्ज केला होता.

"अरे, त्या टँकरच्या बटणाची कल्पना स्वतःची आहे म्हणतेय ही. तुझीच ना ती?"

एक शब्द पुरला असता. 'तिची.' मी गॅलरीत उभा होतो, घाई कसलीच नव्हती, कुणी बंदूक रोखलेली नव्हती. मी म्हणालो, "टीममध्ये होती ती. आयकॉन वगैरे करायची. मुलगी चांगली आहे, पण..."

"पण काय?"

"काही नाही रे. तू ठरव."

"कळलं," तो म्हणाला.

मी धडधडीत खोटंही बोललो नाही, पाहा. आयकॉन ती करायचीच. त्या 'पण'नंतरचं सगळं मी मंदारवर सोडून दिलं — त्याच्या मनात काय येणार हे पुरतं ठाऊक असताना.

आणि हे एवढ्यावरच थांबलं असतं तरी... नाही, थांबलं नाही. त्याच आठवड्यात तिचा मेसेज आला. 'सर, मंदारसर तुमच्या ओळखीचे आहेत ना? माझ्यासाठी एक शब्द टाका प्लीज.' मी उत्तर दिलं, 'टाकलाय.' तिने हात जोडल्याची खूण पाठवली.

नोकरी तिला मिळाली नाही. पुण्यात आमचा धंदा लहान आहे. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवणारी एक मुलगी, अशी कुजबुज चारी बाजूंनी माझ्याही कानावर आली. ऐकून मी मान हलवली. वर्षभराने कळलं, तिने डिझाइन सोडलं.

गेल्या महिन्यात ती येरवड्यात एका लग्नात भेटली. आता एका बँकेच्या कॉल सेंटरमध्ये असते. लोकांची गाऱ्हाणी ऐकते, म्हणाली — "पगारी सासूबाई." तशीच तिखट. मग नवऱ्याला हाक मारून म्हणाली, "हे माझे सर. सगळ्यांनी पाठ फिरवली ना, तेव्हा यांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता."

तो माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "सर, असं कोण करतं हो आजकाल?"

प्रज्ञा समोर होती. मंडपात गोंगाट होता, पण एक वाक्य ऐकू जाईल इतपतच.

मी म्हणालो, "अहो, त्यात काय एवढं."