रिपोर्ट आला की सांगते

सिस्टर बाळंतिणीकडे पाठ करून बसायच्या आणि रिकामी बाटली खांद्यावरून मागे द्यायच्या. "भर बाई निवांत. मी काही पाहून नाही राहिले." दुधाला दृष्ट लागते म्हणणाऱ्या सासवांशी वाद घालण्यापेक्षा पाठ फिरवणं सोपं, असं त्यांचं मत होतं. मी दाराबाहेर बर्फाची पेटी आणि फॉर्म सांभाळत उभा.

फवारणीची जुनी विषं अन्नातून अंगात येतात आणि वर्षानुवर्षं चरबीत मुक्काम ठोकतात. ती आईच्या दुधात किती उतरतात, हे आमच्या पाहणीत तपासायचं होतं. तिच्या उद्घाटनासारखी उद्घाटनं तुम्हीही पाहिली असतील: पाहुण्यांनी पेटीला हार घातला, नारळ फोडला आणि बर्फ वितळेपर्यंत भाषणं केली.

हट्ट्याजवळच्या वस्तीवर एक पहिलटकरीण होती. बाटली परत देताना म्हणाली, "सिस्टर, माझ्या दुधात इख निघालं तर?"

"निघालं तरी पाजायचं. न पाजण्यानं लेकराला जास्त तकलीफ."

"अन् रिपोर्ट?"

"आला की मी सोता येऊन सांगते."

हे वाक्य त्या प्रत्येक दारात म्हणत. त्यात लबाडी नव्हती. आपल्याकडे बाटलीत काही भरून नेलं की त्याचा कागद परत येतो. रक्ताचा येतो, थुंकीचा येतो. आमच्या फॉर्मवर मात्र नावाला जागाच नव्हती, नुसता क्रमांक. तो मीच घालत होतो. नावाशिवाय कागद परत कसा येणार, हे मलाही सुचलं नाही.

पाच महिन्यांनी हिंगोलीत निष्कर्ष सादर झाले. पडद्यावर रंगीत आलेख, टेबलावर काजू. सिस्टर शेवटच्या रांगेतून उठल्या. "सर, माझ्या बायांचे रिपोर्ट कवा भेटतील?"

"एकेकीचे निकाल देत नाहीत, सिस्टर. गोपनीयता असते."

"कोनापासून, सर? दूध तर तिचंच व्हतं."

सभागृह मनापासून हसलं आणि पुढच्या आलेखाकडे वळलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या निघाल्या, रिपोर्ट येणार नाही हे घरोघर सांगायला. मी त्यांच्यासाठी ऑफिसची जीप मागून घेतली. हट्ट्याच्या पोरीनं दारातच विचारलं, "आला का?"

"न्हाई आला. येणार बी न्हाई. तू पाजून राहिली ना?"

"न्हाई. तुमीच म्हणला, रिपोर्ट आला की सांगते. म्हणलं तवर कशाला अंगावर पाजा? आता तर दूधबी आटलं."

चुलीजवळ प्लॅस्टिकची बाटली पडली होती. तिच्यातलं दूध पाणी घालून घालून निळसर झालेलं. लेकरू बाजेवर होतं. जुलाबानं डोळे खोल गेलेले, रडायलाही त्राण नाही. सिस्टरांनी मीठ-साखरेचं पाणी कालवलं आणि लेकराला उचललं.

पुढे त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. निरोप समारंभाला आल्या नाहीत. शाल ऑफिसातच राहिली. हल्ली कुठे असतात, कोणालाच ठाऊक नाही.

मला त्या आठवतात, वसमतच्या दवाखान्याकडे निघालेल्या जीपमधल्या. शेजारी ती पोरगी, मांडीवर लेकरू. खड्ड्याखड्ड्याला गाडी आदळत होती आणि सिस्टर एकेक चमचा त्याच्या ओठांना लावत होत्या. वसमत यायच्या आतच लेकरानं गिळणं सोडलं. पाणी गालावरून ओघळून त्यांच्या पदरात जात होतं. चमचा मात्र दवाखान्याच्या दारापर्यंत चालूच होता.