साफ केलेला फोटो

गल्लीत त्याला सगळे ‘पावडर’ म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ते ठाऊक होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. त्याचा फोटो स्टुडिओ म्हणजे एक अरुंद खोली, मागे निळा पडदा, दोन छत्र्यांचे दिवे आणि खुंटीवर एक काळा कोट. अख्ख्या गल्लीने नोकरीच्या अर्जांसाठी तोच कोट घातलेला. फोटो काढून झाला की हा कॉम्प्युटरपुढे बसायचा आणि माणूस साफ करायला घ्यायचा. मुरमं गेली, वण गेले, डोळ्यांखालचं काळं गेलं. माणसाने फोटोत तरी सुखी दिसावं, असं त्याचं म्हणणं.

लग्नाच्या भानगडीत तो पडला नाही. थोरली बहीण नवरा गेल्यावर त्याच्याकडे आली ती कायमची. काउंटरवर ताईचं राज्य. “ओठ मिटा, आम्हाला दात मोजायचे नाहीत,” असं ती गिऱ्हाइकाला बिनदिक्कत सुनवायची. साठी उलटल्यावर बाई पोहायला शिकली! भाऊ नको नको म्हणत राहिला. ही रोज सकाळी तलावावर जायची आणि ओल्या केसांनी थेट दुकानात येऊन बसायची.

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. गाठ निघाली. ऑपरेशन लवकर केलं तर वाचतील, पण दिवस घालवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. खर्चाचा आकडा ऐकून पावडर हिशेब करत बसला. कॅमेरा, दिवे, सगळं विकलं तरी निम्म्यालाही पुरणार नव्हतं.

मार्ग काढला तो समोरच्या मेडिकलवालीने. “दादा, इंटरनेटवर लोकांकडे मदत मागता येते,” ती म्हणाली. “लिहायचं मी बघते, रिपोर्टही जोडते. तुम्ही फक्त ताईंचा एक फोटो द्या.”

आता फोटो म्हणजे याच्या डाव्या हातचा मळ. त्याने ताईला खिडकीपाशी बसवलं, मोबाइलवर फोटो काढला, कॉम्प्युटरवर उघडला आणि बघतच राहिला. गालफडं बसलेली, डोळे पिवळे, गळ्याची हाडं वर आलेली. रोज समोर असून त्याने तिला अशी पाहिलीच नव्हती. अशा अवतारात ताईला चारचौघांत उभी करायची? त्याचं मन धजेना. हात मात्र सवयीने चालू लागला. डोळे पांढरे झाले, गाल भरले, ओठांवर रंग आला. दोन तासांनी पडद्यावर तलावावरून आलेली ताई बसली होती. त्याला फार बरं वाटलं.

आणि त्या फोटोने घात केला. रिपोर्ट कोण वाचतं हो? लोक तोंड बघतात. गल्लीतल्यांनी दिले, शाळेतल्या मैत्रिणींनी दिले, मग सगळं थंडावलं. खाली कुणी लिहिलं, ‘बाई तर माझ्यापेक्षा धडधाकट दिसते.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘हल्ली हा धंदाच झालाय.’ पावडर रोज उघडून बघायचा. लोकांच्या काळजाला पाझर कसा फुटत नाही, म्हणून त्यांच्यावरच चरफडायचा. असे तीन आठवडे गेले. दुखणं लागल्यापासून घराबाहेर न पडलेल्या ताईला शेवटी दवाखान्यात ठेवावं लागलं.

मेडिकलवाली ताईला भेटायला दवाखान्यात आली आणि दारातच थबकली. मग पावडरला बाहेर घेऊन गेली.

“दादा, तुम्ही फोटो साफ केला होता?”

“थोडासाच.”

“आधीचा द्या,” ती म्हणाली. त्याने मान खाली घालून मोबाइलमधला मूळ फोटो तिला पाठवला. तो तिने जुन्याच्या जागी लावला आणि चार दिवसांत पैसे पूर्ण झाले. कुठले कुठले लोक, नाव ना गाव, देऊन मोकळे झाले. पावडर धावत डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी पुन्हा तपासण्या केल्या, मग त्याला समोर बसवून सांगितलं की गाठ पसरली आहे, आता पोट उघडून उपयोग नाही. महिन्याभरापूर्वी गोष्ट वेगळी होती.

दुपारी तो ताईच्या खाटेशी येऊन बसला. डॉक्टर तिलाही सगळं सांगून गेले होते.

“पैसे इतके उशिरा का रे आले?” तिने विचारलं.

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. त्याने सगळं सांगितलं. तिने तो साफ केलेला फोटो मागितला. चष्मा लावून, मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितला. आता ती दोन शिव्या हासडेल, मग हसेल, अशी त्याला वेडी आशा होती.

तिने मोबाइल पालथा ठेवला. “मला जगायचं होतं रे,” ती म्हणाली. पाणी मागावं तितक्या हळू आवाजात.

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तो तिच्या पाठीकडे बघत बसला. तासाभराने नर्स सलाईन बदलायला आली, तेव्हा ताई भिंतीकडे बघतच तिला म्हणाली, “हा सकाळपासून उपाशी आहे. त्याला आधी काहीतरी खायला पाठवा.”