मघाची सावली

तैलरंगात निसर्गचित्र शिकायला गेले, त्या पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या पेटीतली काळ्या रंगाची ट्यूब काढून घेतली. म्हणाले, "सावली काळी नसते. जाऊन नीट बघा."

मी निवृत्त शिक्षिका. वर्गातल्या मुलांना जन्मभर सावली काळीच काढायला लावलेली.

रविवारी नदीकाठी जाऊन बसले. वाळूवर चिंचेची सावली पडली होती. ती कधी निळसर वाटे, कधी जांभळी. तासाभरात माझा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासच उडाला. जवळच एक मावशी शेळ्या चारत होत्या. शेवटी मी त्यांनाच विचारलं, "मावशी, ही सावली तुम्हाला कुठल्या रंगाची दिसते?"

वाटलं, हसतील. पण त्यांनी गंभीरपणे विचारलं, "कवाची सांगू? सकाळची येगळी असती, आत्ताची येगळी."

उन्हातान्हात हिंडणाऱ्या या बाईने सावली माझ्यापेक्षा कितीतरी जवळून पाहिली असणार. मी घाईघाईने निळ्यात थोडा लाल कालवला आणि कॅनव्हासवर पहिला फटकारा ओढला. मावशी वाकून बघू लागल्या. एकदा चित्राकडे, एकदा वाळूकडे.

"चांगली हाय," त्या म्हणाल्या, "पर ही मघाची झाली."