बदकिणीची चाल

मावशी रंगकामाला होती. कार्टून काढणारा तो स्टुडिओ इतका लहान, की शेजारच्या शिंप्यालाही त्याचं नाव सांगता आलं नसतं. चित्रकार कागदावर चित्रं काढायचे, ती पारदर्शक शीटवर उतरवली जायची आणि बायका मागच्या बाजूनं रंग भरायच्या. गोष्ट काय आहे, हे त्यांना कुणी सांगत नसे. वाट्याला येतील त्या शीट रंगवायच्या आणि गप्प बसायचं. आता गप्प बसणं म्हणजे मावशीच्या अगदी जिवावर यायचं!

या खेपेला तिच्याकडे एक बदकीण आली. एका पायावर कलत, लंगडत चालणारी. दुसऱ्या शीटवर ती तोंडावर आपटलेली, आणि कोल्हा पोट धरून हसतोय. मावशीच्या मनात पाल चुकचुकली. तिचा स्वतःचा एक पाय लहानपणापासून अधू. आणि ही बदकीण काढणारा कोण, तर तिच्या लेकीला मागणी घालणारा चित्रकार!

"सासू व्हायच्या आधीच माझं माकड केलंय त्यानं," ती लेकीवर कडाडली. "आज मला हसतोय, उद्या तुला हसेल. नाही म्हणून सांग त्याला."

"आई, एकदा विचार तरी."

"चोराला का कुणी विचारतं, चोरी केलीस का म्हणून?"

लेक रडली. मावशीनं मात्र त्याच्यावर पाळत ठेवली. तो कागदावर वाकला की हिची मान लांब. त्यानं खुर्ची पुढे केली तरी हिला वाटे, पायामुळंच करतोय मेला.

फिल्म तयार झाली, सगळ्यांना दाखवली. मावशी भांडायच्या तयारीनंच बसली होती. पडद्यावर कोल्हा पिल्लांच्या मागे लागला. लंगडी बदकीण आडवी आली, मुद्दाम पडली. ही काय, सहज सापडेल, म्हणून कोल्हा पिल्लं सोडून हिच्यामागं, आणि हसता हसता थेट चिखलात! खोलीभर टाळ्या पडल्या.

मावशीनं त्याला बाहेर गाठलं. लेक मागोमाग आली.

"चाल माझीच आहे ना?"

"हो."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं, तर तुम्ही सरळ चालून दाखवलं असतंत."

मावशीला राग आला, रडूही आलं. खोटं नव्हतं ते. पाहुणे बघायला आले तेव्हा ती दात आवळून सरळ चालली होती, आणि पुढं नवऱ्यासमोर अख्खा संसारभर तशीच चालत राहिली.

"हो म्हण याला," ती लेकीला म्हणाली. "आणि पाय दुखला तर खुशाल लंगड. याच्या घरी सरळ चालून दाखवायला जाऊ नकोस."