टिपणिसांचं फिनिश

यशोधन टिपणिसांना मुलाच्या घरी काय कमी होतं? नातवंडं होती, उबदार बेसमेंट होतं. नव्हतं ते एकच, कुणाबद्दल तरी बोलण्याचं सुख. नागपूरला वीज मंडळात असताना कुणाच्या मुलीचं कुठे जमलंय, हे मुलीच्या बापाआधी यांना ठाऊक! आणि आता कॅनडातलं थंडर बे. ओळखीचं मराठी घर एकच, स्वतःचं. त्याच्याबद्दल किती बोलणार?

लायब्ररीत मात्र रोज दहाला फिनिश म्हाताऱ्यांचं कॉफीचं टेबल भरायचं. त्या टेबलाने आपल्याला आपलं म्हणावं, याचा टिपणिसांनी ध्यासच घेतला. शेजारच्या हेल्मीबाईंकडे फिनिश भाषेची शिकवणी लावली. बाई ऐंशीच्या, एकट्या, फटकळ.

"मी, तू, आम्ही राहू द्या," टिपणीस इंग्रजीतून म्हणाले. "मला फक्त 'तो' आणि 'ती'ची रूपं हवीत."

"दोघांना एकच. हॅन."

"आणि क्रियापद?"

"तेही एकच. मेने. जातो, जाते, उद्या जाईल, सगळं त्यातच."

"अहो बाई, मग पळून कोण चाललंय आणि कधी, हे कळायचं कसं?"

"गाव माहीत असलं की कळतं."

झालं! बर्फ पडला रे पडला की टिपणीस हेल्मीबाईंचा ड्राइव्हवे फावड्याने मोकळा करायला हजर, आणि जाताना गावातल्या चार खबरी घेऊन परत. महिन्याभरात कुणाचं कुणाशी वाकडं, सगळं पाठ. पण टेबलावर जाऊन बसले की म्हातारे खिडकीबाहेर बघत गप्प. तोंडात क्रियापदं घोळवून टिपणीस दमले.

"नको असाल तुम्ही त्यांना," सुमेधाबाई म्हणाल्या. नवऱ्याला असं तोंडावर सांगायला बायकोच लागते.

मंगळवारी बस चुकली, पोचायला उशीर झाला. पाहतात तर टेबल चक्क रंगलेलं! "हॅन लापिओई," रेइनोआजोबा फावडं मारायचा अभिनय करत म्हणत होते. मागोमाग हेल्मीबाईंचं नाव, मग हशा. टिपणीस आत शिरले मात्र, सगळे चिडीचूप. रेइनोआजोबा रिकाम्या कपात चमचा फिरवू लागले.

असली शांतता टिपणिसांच्या चांगल्या ओळखीची. मंडळात त्यांनी स्वतः ती कितीदा पाळली होती! खुर्ची ओढून ते ऐटीत बसले.

घरी आल्या आल्या ओरडले, "सुमेधा, घेतलं गं मला! माझ्याबद्दल बोलतायत!"

"काय बोलतायत?"

"माझं आणि हेल्मीबाईंचं."

"इश्श!" सुमेधाबाईंनी पोळी उतरवली, स्टोव्ह बंद केला आणि खुर्चीत बसल्या. "हं. आता नीट, पहिल्यापासून सांगा."