मानसशास्त्राचा भाव

लॅमिनेशनच्या गरम प्लास्टिकचा वास आला की विद्यापीठाच्या कल्याणकडच्या उपकेंद्रातली प्रवेशाची रांग आठवते. माझी मुलगी बारावीची लॅमिनेट केलेली मार्कशीट छातीशी धरून उभी होती. तिला मानसशास्त्र घ्यायचं होतं. माजिवड्यातलं टाइल्सचं दुकान मी शून्यातून उभं केलेलं, टाइलसुद्धा बोटाने ठोकून, पोकळ नाही ना ते बघूनच घेतो. मी टेबलामागच्या बाईंना विचारलं, "हे शिकून पगार किती?" त्या म्हणाल्या, "लगेच नाही, पुढे एम.ए. करावं लागेल." "म्हणजे अर्धा माल आणि पूर्ण दर! आणि मॅडम, हिला गिऱ्हाइकाशी धड बोलता येत नाही, ही वेड्यांना काय बोलतं करणार?" सगळी रांग हसली. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, चला." दुसऱ्या दिवसापासून ती दुकानाच्या गल्ल्यावर बसली. चालतं दुकान हातात दिलं, पण तिने कधी आभार मानले नाहीत, हे मला अजून सलतं. परवा डॉक्टरांनी माझ्या रागापायी मला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. मुलगी सोबत होती. तासाची फी ऐकून मी सवयीने म्हणालो, "थोडं कमी करा." बाईंनी उलट विचारलं, "घरी कोणाशी बोलता?" मी मुलीकडे बघितलं. "दुकानाचं काही असेल तर बोलतो आम्ही," ती म्हणाली, आणि तिने घासाघीस न करता पूर्ण पैसे दिले.